गोंधळ आणि गोंगाट

मुलाच्या हाती गिटार आली आणि घरात आरडाओरडा सुरू झाला की, वडील मंडळी त्रासून म्हणतात, "हा काय गोंधळ मांडला आहे!" ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत ही तक्रार सारखीच. परंतु तो शब्द उच्चारताना त्याच्या मूळ अर्थाचे आपणांस विस्मरण होते. गोंधळ हे देवीचे विधिनाट्य आहे. संबळ कडाडतो, तुणतुणे झणकारते, दिवटी पेटते, नाना दैवतांस आवाहन होते आणि मग आख्यान रंगते. बाहेरून कल्लोळ भासला तरी आतील क्रम ठरलेला असतो.

पाश्चात्त्य तरुणांचे 'पंक' संगीतही असेच वरकरणी कल्लोळाचे. १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क व लंडन येथे ते उदयास आले. गायनाची तालीम नाही, वाद्यांवर प्रभुत्व नाही, तरी सांगावयाचे मात्र पुष्कळ! एका गायकाने स्वतःच्या किडक्या दातांवरून 'जॉनी रॉटन', म्हणजे 'सडका जॉनी', हे नाव मिरविले. १९७७ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, त्याच्या मंडळीने उपरोधिक गीत काढले. बीबीसीने ते वाजविण्याचे नाकारले.

हा विक्षिप्तपणा आपणांस खरोखर परका आहे काय? सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांतून वेडी, बहिरा, मुका अशी सोंगे उभी केली. विंचू चावला म्हणून चाललेला आकांत ऐकून श्रोता हसतो आणि हसता हसता त्यास उमगते की, हा विंचू कामक्रोधाचा असून तो आपणांसही डसला आहे. पवित्र शास्त्रातील दावीद राजाही कराराच्या कोशापुढे देहभान विसरून नाचला. मीखलने खिडकीतून ते पाहिले व त्याचा तिरस्कार केला. तिला नाच दिसला, भक्ती दिसली नाही.

म्हणून पालकांस माझी विनंती आहे की, दार आपटून गाणे बंद करण्यापूर्वी, "बाळ, यात सांगितले आहे तरी काय?" एवढे विचारावे. उत्तर मिळाले तर संवाद जुळेल; न मिळाले तर आपल्या गाण्यात बोलण्याजोगे काही नाही, हे मुलालाच कळेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यावरही एक जबाबदारी आहे. एकनाथांनी सोंग स्वतः पत्करले; त्या गायकाने स्वतःच्या दातांची थट्टा केली आणि मग सिंहासनाकडे बोट दाखविले. दोघांनीही दुबळ्याला हास्यास्पद केले नाही. स्नेहसंमेलनात तोतऱ्या वर्गबंधूची नक्कल करून टाळ्या मिळविणे सोपे आहे. परंतु त्या टाळ्यांच्या कडकडाटात एक मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. त्यास विनोद म्हणू नये. जो स्वतःस हसतो किंवा बलवंतास हसतो, त्याने खुशाल गोंधळ घालावा. जो दुर्बलास हसतो, त्याचा तो केवळ गोंगाट होय.