मैदानावरून महाविद्यालयाकडे

जबलपूर शहराच्या पूर्वेकडील रांझी हे उपनगर कारखान्यांच्या आधाराने वाढले. तोफांचे गाडे बनविणारी गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली निघाली, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत उभा राहिला आणि १९६९ साली लष्करी वाहनांच्या कारखान्याची त्यांत भर पडली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूरचा कारभार नागपूरहून चालत असे. त्यामुळे नोकरीनिमित्त येऊन येथेच स्थिरावलेली मराठी कुटुंबे या भागाला नवी नाहीत. पाळीचे काम आणि ठरावीक पगार यांवर संसार चालविणाऱ्या अशा घरांत एखादे मूल खेळात चमकू लागले, की आईवडिलांच्या मनात एक हिशेब सुरू होतो. या खेळाच्या जोरावर पुढे कॉलेजचा खर्च निघेल काय?

हिशेब रास्त आहे. परंतु तो ज्या शब्दावर उभा असतो तो शब्दच फार फसवा आहे. सरकारी व शैक्षणिक परिपत्रकांची भाषांतरे करणे हा प्रस्तुत लेखकाचा नित्याचा व्यवसाय. त्यात वारंवार असे आढळते, की इंग्रजी मसुद्यात स्कॉलरशिप, स्टायपेंड, फ्रीशिप आणि कोटा असे चार निरनिराळे शब्द चार निरनिराळ्या गोष्टींसाठी येतात, आणि आपल्या घरी पोचेपर्यंत त्या चारही गोष्टींची 'शिष्यवृत्ती' झालेली असते. मुलीला शिष्यवृत्ती मिळाली म्हणून आनंदाने पेढे वाटावेत, आणि जून महिन्यात कळावे की मिळाली ती केवळ जागा, शुल्क आपणच भरावयाचे आहे, असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. म्हणून प्रथम या शब्दाची फोड करून पाहू.

पहिला प्रकार जबलपूरकरांच्या अगदी दाराशी आहे. मध्य प्रदेश शासनाची तिरंदाजी अकादमी याच शहरात असून, निवड झालेल्या मुलामुलींचे राहणे, जेवण, क्रीडासाहित्य, प्रशिक्षण व शालेय शिक्षण यांचा भार शासन उचलते. महाराष्ट्रातील वाचकांना क्रीडाप्रबोधिनी परिचयाची असेल. साधारण तशीच ही योजना. २०१६ च्या सुमारास जबलपूरची मुस्कान किरार ही मुलगी या अकादमीत शिकू लागली. पुढे दोनच वर्षांनी, २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत, भारताच्या महिला संघाने कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात रौप्यपदक मिळविले. ज्योती सुरेखा वेन्नम व मधुमिता कुमारी यांच्यासमवेत त्या संघात मुस्कान होती. अंतिम सामना दक्षिण कोरियाने २३१ विरुद्ध २२८ असा, म्हणजे अवघ्या तीन गुणांनी जिंकला.

कंपाउंड धनुष्य म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे; कारण त्यातच शिष्यवृत्तीचे मोल दडलेले आहे. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्प्या बसविलेल्या असतात. दोरी पूर्ण ओढली, की त्या कप्प्यांच्या योगाने हातावरचा ताण पुष्कळच हलका होतो आणि नेमबाजाला स्थिरपणे लक्ष्य साधता येते. स्पर्धेत हे लक्ष्य पन्नास मीटरांवर असते. असे चांगले धनुष्य त्याच्या साऱ्या साहित्यासह घ्यावयाचे म्हटले, तर किंमत लाखांच्या घरात जाते. कामगाराच्या घरात एवढी रक्कम बाजूला पडते ती मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या छपरासाठी, धनुष्यासाठी खचित नव्हे. तेव्हा अकादमीने हाती दिलेले धनुष्य हीच त्या मुलीची खरी शिष्यवृत्ती होय, मग तिच्या नावाने बँकेत एक पैही जमा न होवो.

दुसरा प्रकार रोख साहाय्याचा. केंद्र शासनाच्या 'खेलो इंडिया' योजनेत निवडलेल्या खेळाडूला किरकोळ खर्चासाठी दरमहा १०,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. प्रशिक्षण, निवास व आहार यांचा खर्च निराळा धरलेला आहे. या योजनेच्या युवा स्पर्धा २०२३ च्या आरंभी मध्य प्रदेशात भरल्या, तेव्हा तिरंदाजी व खो-खो यांचे सामने जबलपुरात झाले. खो-खो हा आपला मराठी मुलखाचा खेळ. तो पाहावयास मराठी घरांतून किती माणसे गेली असतील, याचे कुतूहल वाटते. असो. या साहाय्याविषयी एवढेच ध्यानात ठेवावे, की खेळाडूच्या प्रगतीची वेळोवेळी छाननी होते आणि कामगिरी घसरली तर नाव यादीतून वगळले जाते. त्या दरमहाच्या रकमेवर घरातील कर्जाचा हप्ता कोणी बांधून ठेवू नये.

तिसरा प्रकार म्हणजे राखीव जागा, आणि गैरसमज सर्वांत अधिक येथेच होतो. दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी खेळाडूंसाठी नेहमीच्या जागांखेरीज काही जादा जागा असतात. प्रमाणपत्रे तपासून व मैदानावर चाचणी घेऊन त्या भरल्या जातात. मद्रासच्या आयआयटीने २०२४ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी अशा दोन जादा जागा ठेविल्या, त्यांपैकी एक मुलींसाठी. मात्र तेथेही संयुक्त प्रवेश परीक्षेच्या गुणवत्तायादीत नाव असावेच लागते. सवलत आहे ती यादीतील क्रमांकापुरती. परीक्षा कोणालाच चुकलेली नाही. अशा जागेमुळे प्रवेश मिळतो. पैशाची तजवीज निराळी करावी लागते. काही खाजगी विद्यापीठे खेळाडूंना अंशतः वा पूर्ण शुल्कमाफी देतात. पण शुल्क माफ झाले तरी वसतिगृह आणि खानावळ राहतेच, आणि घरापासून दूर शिकणाऱ्या मुलाच्या खर्चात याच दोन रकमा भारी ठरतात.

असल्या सोयी पूर्वी नव्हत्या, तेव्हा काय होई? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला निघाला, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले आणि स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक ठरले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. ती ऐकताना प्राचार्यांच्या घरातील माणसांना त्या दिवसांत झोप कशी लागली असेल, हाही विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता चौथा प्रकार, ज्याच्या वार्ता हल्ली रांझीपर्यंतही पोचतात : अमेरिकेतील विद्यापीठांच्या क्रीडाशिष्यवृत्त्या. तेथे महाविद्यालयीन खेळ हा मोठा व्यवसाय आहे आणि शाळेतील गुणी खेळाडूंना विद्यापीठे आपल्याकडे ओढून नेतात. दिल्लीचा उंच उडी घेणारा तेजस्विन शंकर २०१७ साली कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर गेला आणि २०१८ व २०२२ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद त्याने जिंकले. पुण्याचा टेनिसपटू अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली आणि २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक तिने मिळविले.

ही नावे वाचून हुरूप येतो. पण तेथील शिष्यवृत्तीचे गणित समजून घेतले पाहिजे. २०२४-२५ पर्यंत तेथील वरच्या श्रेणीच्या विद्यापीठात पुरुषांच्या टेनिस संघास मिळून साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. महिलांच्या संघास आठांची. साडेचार हा छापखान्याचा प्रमाद नव्हे. ती साडेचार शिष्यवृत्त्यांची रक्कम प्रशिक्षक आठ-दहा मुलांत वाटून देई, कोणाला अर्धी, कोणाला पाव. म्हणजे 'अमेरिकेची शिष्यवृत्ती मिळाली' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा 'चार आणे मिळाले, उरलेले बारा आणे वडिलांनी द्यावयाचे' असाही होत असे. २०२५ मध्ये एका न्यायालयीन तडजोडीनंतर, ती मान्य करणाऱ्या विद्यापीठांत हा आकडा गेला आणि त्याऐवजी संघात किती खेळाडू ठेवावयाचे याची मर्यादा आली. तरीही सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देण्याचे बंधन विद्यापीठांवर नाही. हार्वर्ड, येल आदी आयव्ही लीगमधील नामांकित विद्यापीठे तर खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. तेथे साहाय्य मिळते ते घरच्या सांपत्तिक स्थितीनुसार.

आणखी एक गोष्ट जबलपूरकरांनी विशेषेकरून जाणावी. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या अजिंक्यपद स्पर्धांत टेनिस, धावणे, उड्या, पोहणे हे खेळ आहेत. तिरंदाजी नाही, खो-खो नाही, कबड्डीही नाही. ज्या खेळांत आपल्या मुलांना घराजवळ उत्तम शिक्षण मिळते, नेमक्या त्यांच्यासाठी तो राजमार्ग खुला नाही. धनुष्य घेणाऱ्या मुलीच्या पालकांना परदेशी शिष्यवृत्तीचे आमिष दाखवून कोणी नोंदणीशुल्क मागू लागला, तर हा एक प्रश्न त्याला विचारून पाहावा.

या सर्व वाटांना समान असलेली एक अट आईवडिलांच्या हाती आहे, आणि तीच हातून निसटते. अमेरिकेतील वरच्या श्रेणीच्या विद्यापीठात खेळावयाचे, तर माध्यमिक शाळेतील सोळा मुख्य विषयपाठ आणि चारपैकी किमान २.३ सरासरी लागते, आणि ही गणना इयत्ता नववीपासून होते. आपल्याकडे नववीचे वर्ष म्हणजे दहावीची पूर्वतयारी. ते गुणपत्रक पुढे कोणी पाहत नाही, अशी समजूत आहे. आंतरशालेय स्पर्धांसाठी महिना-महिना शाळा बुडाली तरी 'दहावीला भरून काढू' असे म्हणून आपण मोकळे होतो. परदेशचे सोडा, आयआयटीची जागा असो वा दिल्लीची, अभ्यासाची अट कोठेच सुटलेली नाही. सरावासाठी मोकळा वेळ हवा म्हणून अकरावीला शास्त्रशाखा सोडावयाची असेल तर जरूर सोडावी. त्यात कमीपणा नाही. मात्र तो निर्णय मुलीला समोर बसवून घ्यावा आणि कोणती दारे त्यामुळे मिटतात हे तिला आधी सांगावे. बहुधा असे होते की भावाची शिकवणी चालू राहते आणि बहिणीला सांगितले जाते, तुला तर खेळातूनच मिळणार आहे.

कागदपत्रांविषयी थोडेसे. जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा होतात, आणि कोणत्या पायरीचे प्रमाणपत्र कोठे चालते हे प्रत्येक संस्था आपापल्या पत्रकात सांगते. प्रमाणपत्रावरील नाव, वडिलांचे नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळली पाहिजेत. मराठी आडनावे हिंदी शाळांच्या दप्तरात नाना रूपे धारण करतात, हे रांझीच्या पालकांना सांगावयास नको. वय कमी लिहिण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. हल्ली मनगटाच्या व पंजाच्या हाडांचे क्ष-किरण चित्र घेऊन वयाचा अंदाज बांधतात, आणि लबाडी ठरल्यास खेळण्यास बंदी येते. दोन वर्षे चोरून मिळविलेले पदक मुलाच्या पुढील साऱ्या पदकांवर डाग पाडते, आणि शिक्षा भोगणारा तो दाखला ज्याने लिहवून घेतला तो नसतो.

अखेरीस शिष्यवृत्तीचे पत्र हाती आले म्हणजे आनंदाच्या भरात सही करण्यापूर्वी तीन गोष्टी त्यात शोधाव्यात. रक्कम कोणकोणत्या खर्चासाठी आहे. ती एका वर्षासाठी आहे की पदवी पुरी होईपर्यंत. आणि दुसऱ्या वर्षी मुलीचा खांदा दुखावला व ती खेळू शकली नाही, तर काय होईल. पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा छापलेली असतात. तिसरे नसेल तर संस्थेला पत्र लिहून ते मागवावे, आणि उत्तर आले की प्रमाणपत्रांच्याच फाईलमध्ये लावून ठेवावे.