जगज्जेता, पण कुणाच्या जगाचा?

रिंगणाबाहेर / पंच

पेणच्या एसटी स्टँडजवळ नाहीतर रोह्याच्या बाजारपेठेत अधूनमधून फ्लेक्स झळकतो. गळ्यात पदक, खांद्यावर तिरंगा आणि खाली ‘आंतरराष्ट्रीय किकबॉक्सिंग स्पर्धेत सुवर्ण’. शुभेच्छुकांचे फोटो खेळाडूच्या फोटोपेक्षा मोठे. स्पर्धा कोणत्या संघटनेची, एवढंच तेवढं लिहायचं राहतं. पोराने घाम गाळलेला असतो, त्यात शंका नाही. माझा प्रश्न संघटनेला आहे.

या खेळात ‘जागतिक’ म्हणवून घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. वाको, डब्ल्यूकेए, इस्का, आयकेएफ अशी किती दुकानं. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, जगज्जेते वेगळे. वाकोने पहिली जागतिक स्पर्धा 1978 मध्ये बर्लिनला भरवली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने वाकोलाच 2018 मध्ये तात्पुरती आणि जुलै 2021 मध्ये पूर्ण मान्यता दिली. मान्यता मिळाली म्हणजे खेळ ऑलिम्पिकमध्ये आला असं नव्हे. क्लासच्या जाहिरातीत मात्र हा फरक सोयीस्करपणे गळतो.

बरं, वाकोच्या छत्राखालीही खेळ एकच नाही. पॉइंट फायटिंग मॅटवर चालतं. फटका नीट लागला की पंच झुंज थांबवतो आणि गुण देतो : ठोशाला 1, डोक्यावरच्या लाथेला 2, तीच लाथ उडी मारून बसली तर 3. रिंगमधल्या फुल कॉन्टॅक्टमध्ये झुंज थांबत नाही, पण मांडीवर लाथ मारता येत नाही. लो किकमध्ये ती चालते आणि के-वनमध्ये गुडघाही चालतो. मॅटवर स्पर्श करून मागे सरायची सवय लागलेल्या मुलाला ऐनवेळी के-वनच्या रिंगमध्ये उभं करणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. कबड्डीत पंचाचा बोनस चुकला तर रायगडातलं अख्खं मैदान उठतं. इथे पालकांना नियमच ठाऊक नसतात, मग बोलणार कोण?

खरा फटका पुढे बसतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण आधी क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी होते. तिथे पदकाची चमक नाही, संघटनेची मान्यता बघतात. परदेशवारीसाठी कर्ज काढलेल्या घराला हे तेव्हा कळलं तर काय उपयोग? 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने एका खेळाला एकच राष्ट्रीय संघटना हे तत्त्व आणलंय. ते गल्लीतल्या क्लासपर्यंत झिरपायला वेळ लागेल.

तोवर पालकांनो, प्रवेश फी भरण्याआधी प्रशिक्षकांना स्पष्ट विचारा : स्पर्धा कुणाची, प्रकार कोणता, निवड चाचणी कधी झाली? आणि अलिबागच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्या संघटनेचं नाव घेऊन एक चक्कर मारा. चौकशीला पैसे पडत नाहीत.