अनुभवी उमेदवारास प्राधान्य

दसऱ्याच्या दिवशी सोने द्यायला येणाऱ्यांत एखादा तरी कामाचा माणूस असतोच. कामाचा म्हणजे, ज्याचे आपल्याकडे काही काम आहे असा. यंदा माझी एक विद्यार्थिनी आली. नुकतीच बी.ए. झालेली, विषय अर्थातच मराठी. आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवून तिने वाकून नमस्कार केला, आमच्या सौभाग्यवतीने दिलेली बासुंदी संपवली आणि वाटी खाली ठेवता ठेवता म्हणाली, "सर, एक दाखला हवा होता."

दाखला म्हटले की मी निर्धास्त असतो. अठरा-वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला 'माझ्या माहितीप्रमाणे उमेदवाराची वर्तणूक चांगली आहे' हे वाक्य झोपेतही लिहिता येते. पण तिला वर्तणुकीचा दाखला नको होता. अनुभवाचा हवा होता. इंग्रजी जाहिराती आणि माहितीपत्रके मराठीत करून देणाऱ्या एका कंपनीत जागा निघाली होती. अटी दोनच. मराठीची पदवी, आणि किमान एक वर्षाचा अनुभव. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे काम तिने वर्षभर पगारी नोकर म्हणून केले, एवढे मी लिहून दिले की काम भागणार होते.

"बघतो. चार दिवसांनी ये," असे म्हणून मी वेळ मारून नेली. ती गेली, आणि मला बावीस वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली एक दुपार आठवली.

मी २००३ साली पुणे विद्यापीठाचा एम.ए. झालो. आमचे अण्णा तेव्हा हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि कचेरीतली सगळी शिस्त त्यांनी माझ्या नोकरीच्या शोधाला लावली होती. रविवारची वर्तमानपत्रे आली की ते कात्री घेऊन बसत. 'पाहिजेत'ची कात्रणे तारीखवार फाइलला लागत. प्रत्येक अर्जाला आवक-जावक क्रमांक असे. आवक मात्र कधी होत नसे. सेवायोजन कार्यालयात माझे नाव घालायलाही तेच मला घेऊन गेले. तिथल्या रांगेत एका जाणत्या गृहस्थाने मला १९५९ सालच्या कायद्याचे मर्म सांगितले. रिकाम्या जागा या कार्यालयाला कळवणे मालकांवर बंधनकारक होते. इथून पाठवलेला माणूस घेणे मात्र बंधनकारक नव्हते! असा सोयीचा कायदा पुढे माझ्या पाहण्यात आला नाही.

प्रत्येक जाहिरातीच्या शेपटाला एक वाक्य असायचेच : 'अनुभवी उमेदवारास प्राधान्य.' नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी पोहायला शीक, असे सांगणाऱ्याला आपण वेड्यात काढतो. नोकरीच्या बाबतीत मात्र तेच वाक्य छापून येते आणि आपण त्याखाली अर्ज लिहितो.

शेवटी अण्णांच्या एका स्नेह्यांनी तोड काढली. ते शिकवणीचे वर्ग चालवीत. त्यांनी आपल्या छापील कागदावर लिहून दिले की, मी त्यांच्याकडे दोन वर्षे मराठी शिकवीत होतो. त्या वर्गाची पायरीही मी चढलो नव्हतो. अण्णांनी तो कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि काही न बोलता फाइलला लावला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कचेरीची टाचणी घरी आणली नाही, त्याने तो कागद फाइलला लावला. मुलगा घरी बसलेला असला की बापाचे काय होते, हे मला त्या दिवशी कळले नाही, आता कळते.

त्या कागदाच्या जोरावर एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मला मुलाखतीचे बोलावणे आले. जागा तासिका तत्त्वावरची होती. ज्या वाचकांच्या घरात हे तत्त्व शिरलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : तास घेतला तर त्याचे पैसे, सुटी आली तर नाही. दिवाळीच्या सुटीत अशा मास्तराला दिवाळी नसते. तरी त्या एका जागेसाठी आम्ही चौदा जण ओल्या छत्र्या घेऊन व्हरांड्यात उभे होतो.

प्राचार्य वयस्कर होते, आवाज मऊ होता. माझा दाखला त्यांनी शांतपणे वाचला. "दोन वर्षे शिकवलेत. छान. वर्गात मुले किती असत?" मी म्हणालो, "तीस-पस्तीस." "काय शिकवलेत?" मी व्याकरण सांगितले, निबंध सांगितले. थापेला एकदा गती आली की तिला उतार लागतो. मग त्यांनी सहज विचारले, "मागच्या बाकावर कोण बसायचे हो?"

मी गप्प.

पुढे मी खरोखर मास्तर झालो तेव्हा त्या प्रश्नाची खोली कळली. पहिल्या बाकावरची मुले मास्तर विसरतो. मागच्या बाकावरचा एकेक चेहरा जन्मभर ध्यानात राहतो. कोण डबा खायचा, कोण झोपायचा, कोण खिडकीतून पाहायचा आणि तरी पेपरात सगळे बरोबर लिहायचा. आठ दिवस जरी शिकवलेले असते तरी मला दोन नावे सांगता आली असती.

प्राचार्यांनी दाखला होता तसा घडी घालून माझ्यापुढे सरकवला. "चारची एस.टी. मिळेल तुम्हाला. पुढची सातला आहे, आणि पाऊस थांबायचा नाही," एवढेच म्हणाले.

घरी अण्णा दारातच उभे होते. मी म्हणालो, "त्यांचा माणूस आधीच ठरलेला होता."

ते वाक्य मला महागात पडले. अण्णांनी त्यावर पूर्ण विश्वास ठेवला. पुढे मंगलकार्यात कोणी नोकऱ्यांतल्या वशिल्याचा विषय काढला की अण्णा त्या महाविद्यालयाचे उदाहरण देत. एस.टी. त्या गावच्या स्थानकात थांबली की खाली उतरून चहासुद्धा घेत नसत. २०१४ साली ते गेले, तोवर आमच्या घरात तो सज्जन माणूस लबाड म्हणूनच ओळखला गेला. सांगायला अकरा वर्षे होती. सांगितले नाही.

माझी पहिली नोकरी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात लागली, मुद्रितशोधकाची, महिना २,२०० रुपये. मालकांनी दाखला मागितला नाही. चार पाने आणि लाल पेन हातात दिले, "बसा, मी चहा घेऊन येतो" म्हणाले आणि खरोखरच निघून गेले. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांच्या ऱ्हस्व-दीर्घात मी घाम गाळला. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२ची चार नियमांची भर मला तोंडपाठ होती. ते आल्यावर ऐटीत म्हणालो, "एकतीस चुका." त्यांनी पान न पाहता म्हटले, "बत्तीस." बत्तिसावी मथळ्यात होती. मोठ्या टाइपातली चूक डोळा सोडून देतो, हे कुठल्याच नियमात नव्हते. "उद्यापासून या," ते म्हणाले. तिथे दोन वर्षे काढली, रात्री अभ्यास करून सेट पास झालो, आणि मग रीतसर या धंद्यात पडलो.

आता दिवस थोडे बदलले आहेत. १९६१चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा जुनाच आहे. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला, आणि आमच्या विभागात पेढे वाटले गेले. मराठीच्या पदवीधराला एक वर्षाचा अनुभव कोणी द्यावा, हे पेढे खाताना कोणी काढले नाही. मीही काढले नाही.

चार दिवसांनी ती मुलगी आली. मी तिला मागच्या बाकाची गोष्ट सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. विद्यार्थ्यांना सवय असते. मग मी लिहिलेला कागद दिला. दुसऱ्या वर्षाला असताना तिने वार्षिकांकाची ६४ पाने दोनदा वाचली, अध्यक्षांच्या संदेशातली मथळ्याची चूक एकटीने पकडली, तीन लेखकांना त्यांची वाक्ये बदलायला लावली आणि त्यांतला एक रागावला, असे सगळे खरे खरे लिहिले होते. मोबदला मिळाला नाही, हेही लिहिले होते.

"एवढंच, सर?" ती म्हणाली. कागद मात्र जपून, दुमडू न देता घेऊन गेली.

काल तिच्या आईचा फोन आला. त्या घरगुती डबे करतात. त्यांच्याच मिळकतीवर मुलगी शिकली. "सर, रागावू नका. पण एक वर्ष लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं हो? आमच्या वाड्यातल्या मुलानं तसंच पत्र दिलं. लागला तो."

मी म्हणालो, "मुलाखतीचं बोलावणं आलं का?"

"आलंय ना. दिवाळी झाल्यावरच्या सोमवारी. तुमचं ते पत्रच लावलंय तिनं." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "चकलीचा डबा पाठवते आहे तिच्याबरोबर. त्या मुलाखतीत काय विचारतील, तेवढं तिला नीट सांगा."