परिचारिकांचे दूरशिक्षण : मनाई की मर्यादा?

पोहणे पुस्तक वाचून येत नाही, तशी रुग्णसेवाही टपालाने शिकता येत नाही, हा युक्तिवाद कोणालाही चटकन पटण्यासारखा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० च्या नियमावलीत वैद्यक, दंतवैद्यक व औषधनिर्माण यांच्याबरोबर परिचर्याही दूरशिक्षण आणि ऑनलाइन पदवीच्या कक्षेबाहेर ठेवली, ती याच भूमिकेतून. नवशिक्या विद्यार्थिनीपुरती ही भूमिका निर्विवाद योग्य आहे. परंतु पदव्युत्तर शिक्षणालाही तोच दंडक लावणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार व्हावयास हवा.

एम.एस्सी. नर्सिंगसाठी येणारी विद्यार्थिनी ही नोंदणीकृत पदवीधर परिचारिका असते आणि तिच्या गाठी किमान एक वर्षाचा अनुभव असावा लागतो. तिला सलाईन लावावयास शिकवावयाचे नसते. संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, अध्यापन, व्यवस्थापन आणि निवडलेल्या शाखेचे सखोल ज्ञान हे तिच्या अभ्यासाचे विषय. यांपैकी पहिल्या चारांसाठी दोन वर्षे घरदार व नोकरी सोडण्याची खरोखरच आवश्यकता आहे काय? जिल्हा रुग्णालयात रात्रपाळ्या करून संसार सांभाळणाऱ्या परिचारिकेला अध्ययन रजा मिळणे कठीण. मिळालीच तर वॉर्डात तिच्या जागी उभे राहावयास कोणी नसते. परिणामी रुग्णाच्या सर्वांत निकट असणारी व्यक्तीच उच्च शिक्षणापासून सर्वांत दूर राहते.

केंटकीचा धडा

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ मध्ये परिचारिकांची सेवा उभी केली. या परिचारिका घोड्यावरून खेडोपाडी बाळंतपणे करीत. १९३९ मध्ये त्यातूनच सुईणींची शाळा निघाली आणि १९८९ मध्ये या शाळेने दूरशिक्षणाचा मार्ग धरला. विद्यार्थिनीने आपल्याच भागात राहावे, अभ्यास घरी करावा, थोडे दिवस संस्थेत येऊन कौशल्याची परीक्षा द्यावी आणि मग स्थानिक अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करावे, अशी ही पद्धत. शहरात शिकावयास गेलेली परिचारिका डोंगरात परत येईलच याचा भरवसा नसतो, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान होते.

मात्र या चित्राची दुसरी बाजूही आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमांचे पेव फुटल्यावर तेथील अनेक संस्थांनी मार्गदर्शक शोधण्याचा भार विद्यार्थिनींवरच टाकला. काहींना त्यासाठी पदरचे पैसे मोजावे लागतात. शुल्क संस्थेचे आणि धावपळ विद्यार्थिनीची, असा हा न्याय! कागदोपत्री हजेरीची परंपरा असलेल्या आपल्या देशात असा कारभार सुरू झाला तर काय होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. आयोगाची भीती म्हणूनच अनाठायी नाही.

मधला मार्ग

तथापि भीतीवर मनाई हा एकमेव उपाय नव्हे. नोकरीतील परिचारिकांसाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९४ मध्येच पदवी अभ्यासक्रम सुरू केला होता व त्याला प्रात्यक्षिकांची जोड दिली होती. २०२० च्या टाळेबंदीत तर सगळीच महाविद्यालये नाइलाजाने ऑनलाइन झाली. व्याख्यान वर्गाबाहेर होऊ शकते, हाताचे कौशल्य मात्र खोळंबते, हे त्या वेळी सर्वांनी अनुभवले. धोरणाची रेषा ओढावयाची ती याच ठिकाणी.

सिद्धांत दुरून शिकवावा. प्रात्यक्षिक परिषदेने मान्य केलेल्या जवळच्या रुग्णालयात, नेमलेल्या मार्गदर्शकासमोर व्हावे. मार्गदर्शक मिळवून देण्याची व त्याला मानधन देण्याची जबाबदारी संस्थेची असावी आणि अंतिम परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने रुग्णशय्येजवळच घ्यावी. महाराष्ट्रात यासाठी फार दूर जावयास नको. १९८९ चे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९८ चे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, दोन्ही नाशिकलाच आहेत. एकाला दूरशिक्षणाचा अनुभव आहे, दुसऱ्याला परिचर्येच्या परीक्षांचा. दोघांनी मिळून एखाद्या शाखेपुरता मर्यादित प्रयोग आखावा आणि आयोगाने व भारतीय परिचर्या परिषदेने त्यास अनुमती द्यावी.

सरसकट मनाईने निकृष्ट पदव्यांचा रोग टळेल, हे खरे. पण शिकू इच्छिणारी परिचारिका जन्मभर आहे तेथेच राहणार असेल, तर तो इलाज रोगाहून भयंकर ठरेल.