लुक्काचा तट आणि सराफांची शपथ

परदेशातील ऐतिहासिक नगर पाहावयाचे म्हणजे बसमधून उतरावे, मार्गदर्शकाच्या उंचावलेल्या छत्रीमागे धावावे, चार छायाचित्रे काढावीत आणि पुन्हा बसमध्ये बसावे, असा प्रघात पडला आहे. इटलीच्या तोस्काना प्रांतातील लुक्का हे नगर अशा घाईत हाती लागत नाही. ते एकट्याने, सायकलवरून आणि सावकाश पाहावे. व्यापारी घरातील माणसाने तर ते अवश्य पाहावे. कारण रेशीम, नाणी आणि पत या तीन गोष्टींवर हे नगर मोठे झाले, आणि त्या तिन्हींच्या खुणा तेथे आजही दिसतात.

पिसाहून आगगाडीने सुमारे अर्ध्या तासात लुक्का येते. स्थानकाबाहेर पडताच समोर हिरवळीचा रुंद पट्टा आणि त्यामागे विटांचा तट दिसतो. तोफांच्या माऱ्याआड काही येऊ नये म्हणून हा पट्टा पूर्वी मोकळा ठेवलेला असे. सान पिएत्रोच्या वेशीतून आत शिरून सरळ उत्तरेकडे गेले की सान्ता मारिया चौकात सायकली भाड्याने मिळतात. ओळखपत्र दाखवावे, ब्रेक आणि कुलूप तपासून घ्यावे, आणि चढणीने तटावर जावे.

हा तट सुमारे ४.२ किलोमीटर लांबीचा, जवळपास १२ मीटर उंच आणि पायथ्याशी ३० मीटर रुंद आहे. सोळाव्या शतकात सुरू झालेले त्याचे काम सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. त्याच्या माथ्यावर आता मोटारींना मज्जाव असलेला, झाडांच्या सावलीचा रस्ता आहे. एका बाजूस कौलारू घरे, मनोरे आणि परसबागा, तर दुसऱ्या बाजूस दूरवर आपुआन पर्वतांची रांग. अर्ध्या तासात पूर्ण फेरी होते. परंतु सोबत कोणी नसल्यामुळे प्रत्येक बुरुजावर थांबता येते. दुसऱ्याच्या कंटाळ्याचा वा भुकेचा हिशेब ठेवावा लागत नाही, हा एकट्या प्रवाशाचा मोठा लाभ.

एवढा खर्च करून बांधलेल्या या तटाला शत्रूच्या वेढ्याची वेळ कधी आली नाही. तो उपयोगी पडला तो पाण्याविरुद्ध. १८१२ च्या नोव्हेंबरमध्ये सेर्किओ नदीला मोठा पूर आला, तेव्हा नगराच्या वेशी बंद करण्यात आल्या आणि आतील वस्ती वाचली. त्या वेळी लुक्कावर नेपोलियनची बहीण एलिझा हिची सत्ता होती. ती बाहेर अडकली होती आणि यारीच्या साहाय्याने उचलून तिला तटावरून आत घ्यावे लागले, असे सांगतात. पुढे त्याच शतकात तटावर फिरण्याची वाट आणि वृक्षांच्या रांगा आल्या.

तटावरून खाली उतरल्यावर गल्ल्या अरुंद होतात. फिल्लुंगो या मुख्य बाजाररस्त्यावर गर्दी असल्याने सायकल हातात धरून चालणेच शहाणपणाचे. तेथून एका कमानीतून आत गेले की लंबवर्तुळाकार चौक उघडतो. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोमन क्रीडागाराच्या भिंतींवरच नंतरच्या पिढ्यांनी घरे रचली, म्हणून घरांची रांग अशी वळत गेली. १८३० मध्ये लोरेन्झो नोत्तोलिनी या वास्तुविशारदाने मधली बांधकामे हटवून येथे बाजारपेठ केली. जुने दगड वाया न घालवता नव्या बांधणीत घेणे, हा काटकसरीचा धडा येथे उघड्यावर मांडलेला आहे.

जवळच ग्वीनीजी घराण्याचा सुमारे ४५ मीटर उंचीचा मनोरा आहे. त्याच्या माथ्यावर सदाहरित ओकची झाडे वाढलेली आहेत. सायकलीला कुलूप लावून सव्वादोनशेहून अधिक पायऱ्या चढल्या की सारे नगर एका नजरेत येते. हे घराणे रेशमाच्या व्यापारातून आणि सावकारीतून वर आले. त्यातील पाओलो ग्वीनीजी याने १४०० ते १४३० या काळात नगरावर राज्य केले. त्याची पत्नी इलारिया १४०५ मध्ये निवर्तली. याकोपो देल्ला क्वेर्चा याने घडवलेली तिची संगमरवरी समाधी सान मार्तीनो या मुख्य चर्चमध्ये आहे. पायाशी इमानी कुत्रा आहे.

याच सान मार्तीनोच्या दर्शनी ओवरीत व्यापाऱ्याने क्षणभर थांबावे असा एक शिलालेख आहे. तो ११११ सालचा. रोमकडे जाणारे यात्रेकरू लुक्कावरून जात. त्यांच्याजवळ देशोदेशीची नाणी असत आणि ती बदलून देणारे सराफ चर्चसमोरच्या अंगणात बसत. परक्या यात्रेकरूला ना भाषा समजे, ना नाण्याचा भाव. त्याला फसवणे अगदी सोपे होते. अशा ठिकाणी बसणाऱ्या सराफांनी आणि मसाल्याच्या व्यापाऱ्यांनी या अंगणात चोरी, लबाडी वा खोटेपणा करणार नाही, अशी शपथ घेतली. ती शपथ सर्वांना वाचता यावी म्हणून दगडात कोरली गेली. मालाची जाहिरात तर सर्वच करतात. येथे व्यापाऱ्यांनी स्वतःवरील बंधनच जाहीर केले. आजही तो लेख तेथे आहे.

अशा पतीवर तेराव्या शतकात लुक्काच्या पेढ्या युरोपभर पोहोचल्या. रिक्कार्दी ही त्यातली सर्वांत नामांकित. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याला तिने वर्षानुवर्षे कर्ज पुरवले आणि १२७५ पासून लोकरीच्या निर्यातीवरील जकात वसुलीसाठी तिच्याकडे आली. परंतु १२९४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले. पेढीचा फ्रान्समधील पैसा अडकला, ठेवीदार ठेवी परत मागू लागले आणि नेमक्या त्याच वेळी राजालाही मोठी रक्कम हवी होती. ती देता न आल्याने राजाने पेढीची इंग्लंडमधील मालमत्ता ताब्यात घेतली. पेढी सावरली नाही. तिच्या वहीवर येणे भरपूर होते; परंतु वहीवरचे येणे आणि तिजोरीतली रोकड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एकाच बड्या ऋणकोवर विसंबलेला धनको त्याच्याच मर्जीवर जगतो, हे सातशे वर्षांनंतरही खोटे ठरलेले नाही.

दुपारी शाकाहारी प्रवाशाने चेचिना मागावी. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ एवढ्यावर भट्टीत भाजलेला हा पदार्थ आपल्या धिरड्याच्या जवळचा. तोस्कानाचा पारंपरिक पाव बिनमिठाचा असतो, तो सोबत चालतो. चीजबाबत मात्र विचारपूस करावी. पार्मेजानसारख्या चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेले विरजण वापरतात.

उरलेल्या वेळात दक्षिणेस स्थानकापलीकडे सायकल न्यावी. एकोणिसाव्या शतकात नोत्तोलिनीनेच डोंगरातील झऱ्यांचे पाणी नगरात आणण्यासाठी बांधलेला जलसेतू तेथे आहे. चारशेहून अधिक कमानी सुमारे तीन किलोमीटर सरळ रेषेत टेकड्यांकडे जातात. शेतांमधून त्यांच्या कडेने सायकल चालवताना बहुधा फारशी वर्दळ नसते.

परतताना पुन्हा तट समोर येतो. तो बांधून होईपर्यंत रिक्कार्दींच्या पतनाला साडेतीन शतके लोटली होती. ज्या काळात लुक्काची नाणी आणि रेशीम सर्वदूर चालत होते, त्या काळात हा तट नव्हता. सान मार्तीनोच्या ओवरीतली शपथ मात्र होती. विटांचा तट उभारावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. पतीचा तट प्रत्येक पिढीला रोजच्या व्यवहारातून नव्याने उभारावा लागतो, आणि त्याची डागडुजी दुसरा कोणी करून देत नाही.