बाई शिकायला जाते, तेव्हा घराचे काय?



बारावीचे निकाल लागले, प्रवेशाची गडबड सुरू झाली, की एक प्रश्न मला हटकून विचारला जातो. "माझं शिक्षण लग्नामुळे बारावीवरच थांबलं. आता मुलं शाळेत जातात. मला नर्सिंग करता येईल का?" विचारणारी कुणी एकोणतिशीची असते, कुणी तेहेतिशीची. उत्तर एका शब्दाचे आहे: येईल. पण त्याआधी माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही.

माझी धाकटी जाऊ आमच्या गावात आशाताई होती. गरोदर बायकांना दवाखान्यात न्यायची, बाळांच्या लसींच्या तारखा सांभाळायची. पण बाळंतिणीला आत घेतलं, की ही बाहेर बाकावर. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, मला त्या दाराच्या आत जायचंय." तेव्हा ती बत्तीस वर्षांची, मुलगी आठची, मुलगा पाचचा. जी.एन.एम.ला नंबर लागला तो अंबाजोगाईला. म्हणजे वसतिगृहात राहणं आलं. सासूबाई गप्प बसल्या. भाऊजी "बघू" म्हणाले. आणि मी, बी.ए. झालेली, शाळेत मुलींना चार धडे शिकवणारी, मी म्हणाले, "ह्या वयात कशाला ही उठाठेव?"

खरं सांगू? मला तिच्या वयाची काळजी नव्हतीच. दोघींची चूल आता एकटीच्या गळ्यात पडणार, याची होती. तसं सरळ बोलले असते तर काही मार्ग निघाला असता. मी 'वय' पुढे केलं.

रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' आपल्यापैकी पुष्कळजणींनी वाचल्या असतील. न्यायमूर्ती त्यांना शिकवीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका त्यावरून त्यांना टोचून बोलत. याच रमाबाईंनी पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. मोठ्या वयाच्या बायकांना, विधवांना तिथे शिकवलं. परिचारिकेचं काम शिकायला ससून रुग्णालयात धाडलं. परक्याची शुश्रूषा करणं हे घरंदाज बाईचं काम नव्हे, असं मानणारा तो काळ! पुस्तक वाचताना त्या टोमणे मारणाऱ्या बायकांचा आपल्याला राग येतो. आमच्या घरात ती जागा मी घेतली होती.

ती गेली. पहिल्याच वर्षी मुलाला ताप भरला. मी फोनवर तिला म्हणाले, "लोकांची लेकरं बघायला गेलीस, अन् आपलं इथं तापानं फणफणतंय." ती मिळेल त्या एस.टी.ने रात्री घरी आली. रात्रभर त्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, आणि पहाटेच्या गाडीने परत गेली, कारण दुसऱ्या दिवशी पेपर होता. त्या विषयात ती राहिली; पुन्हा बसावं लागलं. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलल्या त्या सासूबाई. "तिला कशाला बोलावलंस? घड्या ठेवायला त्याचा बाप चालला नसता का?"

त्या संध्याकाळी आम्ही सगळे प्रथमच बसून कामं वाटून घेतली. मुलांना उठवणं, आंघोळी, मुलीची वेणी ही भाऊजींकडे. (पहिले पंधरा दिवस ती वेणी शाळेत पोचेपर्यंत सुटायची.) भाजी निवडणं आणि दूध सासूबाईंकडे, धुणं आमच्या ह्यांच्याकडे, भाकऱ्या माझ्याकडे. रात्री आठला आईचा फोन, तेव्हा टीव्ही बंद. आणि दुखणंखुपणं झालं, तर आधी डॉक्टर, मग तिला कळवायचं. रविवारी मी तिचे इंग्रजी शब्द घ्यायची, एका वेळी दहाच. तिचा कला शाखेचा पाया, पुस्तकं इंग्रजीत. आधी आकृती पाहायची, तो अवयव मराठीत समजून घ्यायचा आणि मग इंग्रजी नाव, असं केलं की शब्द लक्षात राहतात, हा माझाही अनुभव.

आता ज्या भगिनींना अर्ज भरायचा आहे, त्यांच्यासाठी नेमकी माहिती. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते, जी.एन.एम.ला इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्याला विज्ञान शाखा हवी. मात्र जी.एन.एम. झाल्यावर नोंदणी करून दोन वर्षांत पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. ए.एन.एम., जी.एन.एम.च्या प्रवेशाला वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षे आहे. म्हणून बत्तीस-तेहेतिशीच्या बाईला "पुढच्या वर्षी बघू" परवडत नाही. प्रवेश परीक्षा आहे का, आणि तिच्या तारखा, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्या.

कागदपत्रांत बायका अडतात ते नावावर. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र आधीच काढून ठेवा. शिक्षण मध्ये थांबलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. रहिवासाचा, जातीचा, उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळेलच असं नाही. महिना-दीड महिना आधी सेतू केंद्रात अर्ज टाका.

आणि फसू नका. सहा महिन्यांत 'नर्स' करून देतो म्हणणाऱ्या पाट्या गावोगाव दिसतात. शाळेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, ते फी भरण्याआधी पाहा. परिषदेत नोंदणी झाली नाही, तर तो कागद नर्स म्हणून नोकरीला कामाचा नाही.

माझी जाऊ पस्तिसाव्या वर्षी नर्स झाली. आता एका रुग्णालयात आहे. पगार सुरुवातीचाच, बेताचा. रात्रपाळी असते, म्हणून कामांची ती वाटणी अजून तशीच चालू आहे. आपल्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. 'पिशवी काढायलाच हवी का?' हे डॉक्टरांना विचारायचा धीर पुष्कळजणींना होत नाही. आपल्यासारखं बोलणारी नर्स दिसली, की त्या तिच्या कानाशी लागतात. दुसऱ्या डॉक्टरांना एकदा दाखवून या, असं ती त्यांना सांगते. त्या दाराच्या आत आपल्यातली बाई असावी, ती यासाठी.

म्हणून आजचा सल्ला शिकायला निघालेल्या बाईइतकाच तिच्या जावेला, नणंदेला आणि सासूलाही आहे. घरातली कुणी असं बोलली, तर तिचं वय काढू नका. "भाकरी कोण करणार?" असंच विचारा. त्या प्रश्नाला उत्तर सापडतं.