चर शिकायचे ते आपल्याच उतारावर

जलसंधारणासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार या गावाला राज्यातून आणि परराज्यांतून माणसे येतात, डोंगरउतारावरचे सलग समपातळी चर, बंधारे, विहिरी पाहतात आणि आपल्या गावी परततात. तिथला उतार वेगळा असतो, मुरूम वेगळ्या खोलीवर लागतो, आणि चर नेमका कुठून आखायचा हे विचारायला जवळ कोणी नसते. ही तूट ऑगमेंटेड रिॲलिटीने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या दृश्यावर खुणा उमटवणाऱ्या तंत्राने, भरून काढता येईल, असे मला वाटते. शिकणारा मोबाइलचा कॅमेरा आपल्या माळावर धरतो. हिवरे बाजारातला जाणकार तेच दृश्य आपल्या पडद्यावर पाहून बोटाने रेषा ओढतो, आणि ती रेषा शिकणाऱ्याला त्याच्या जमिनीवरच उमटलेली दिसते, फोन हलला तरी जागची ढळत नाही. चूक खोदण्याआधी दिसते, हा यातला मोठा लाभ. चर समपातळी सोडून झुकला, की पाणी मुरायचे सोडून सखल टोकाकडे धावते आणि भराव तिथेच फुटतो.

यासाठी लागणारे महागडे चष्मे कोण घेणार, हा आक्षेप फार टिकत नाही. बऱ्याच स्मार्टफोनवर हे काम होते. रेंज नसेल तिथे जागेवर खुणा नोंदवून जाणकाराचे उत्तर नंतर घेता येईल. अचूकतेचा आक्षेप मात्र भक्कम आहे. मोबाइलच्या जीपीएसची उंची काही मीटरने चुकू शकते, आणि मोकळ्या माळावर, रणरणत्या उन्हात कॅमेऱ्याला पक्की खूण सापडणेही अवघड. म्हणून पातळी ठरवायची ती हायड्रोमार्कर किंवा ए-फ्रेम या पातळी मोजण्याच्या साध्या साधनांनीच. पडद्यावरच्या रेषेने फक्त सुरुवात कुठे करायची आणि चूक कुठे होते आहे, एवढेच दाखवावे.

सर्वांत गंभीर आक्षेप असा, की हिवरे बाजार नुसत्या चरांनी घडले नाही. ते खरे आहे. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, सिंचनासाठी कूपनलिका नाकारल्या, उसाला आवर घातला. पाऊस किती झाला ते पाहून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला आणि त्यावरून पिके ठरवली. हा संयम कोणत्याही पडद्यावर शिकता येत नाही. त्यासाठी गावात जाऊन माणसांशी बोलायलाच हवे. 2016 मध्ये वरूड, आंबेजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झालेल्या पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेनेही गावकऱ्यांना आधी प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले, मग श्रमदान. तेव्हा हे तंत्र मुक्कामी प्रशिक्षणाच्या जागी आणू नये, त्याच्या पुढे जोडावे. राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेने एका उन्हाळ्यात प्रयोग करावा: काही गावांना केवळ भेट, काहींना भेटीनंतर अशी दूरची सोबत. पावसाळ्यानंतर दोन्हीकडचे किती चर फुटले ते मोजून आकडे त्या गावांच्या ग्रामसभांपुढे ठेवावेत, आणि फरक दिसला तरच पुढचा पैसा खर्चावा.